शर्टाचं शेपूट आणि ब्राझीलची रायफल

फ्लिंट,
५ सप्टेंबर २०२३

चि. लेम्पीस,
थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ब्लूबेरीच्या मुरांब्याच्या दोन्ही बाटल्या पोचल्या. एक बाटली मर्नाने लगेच उचलून कुठेतरी ठेवली. म्हातारपणी मुलीच्या घरी राहायचं म्हणजे गोडाची किल्ली तिच्या कमरेला. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

उजव्या डोळ्याचं जे व्हायचं ते झालं. मधोमध धुरकट ठिपका आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा आता असाच राहणार, डावा उत्तम आहे, त्याला जपा. जपतोय. पण पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम सुरू होईल तेव्हा रानातल्या आपल्या कॅम्पवर, त्या लाकडी खोपटात, माझी वाट बघू नका. माझ्या रायफलची काडतूस भरायची खिट्टी उजव्या अंगाला. डावा डोळा लावायचा तर दस्ता डाव्या खांद्याला आला, मग ती खिट्टी ओढायला डावा हात रायफलीवरून पलीकडे फिरवायचा. तोवर हरीण कॅनडात पोचेल. रायफल मी जावयाला देऊन टाकली. माझी चुलीजवळची खाट कुणालाही द्या, फक्त घोरणाऱ्याला देऊ नका.

कळावे. लोभ आहे तसा असू दे.

तुझा,
आयनो

---

पेल्की,
१२ सप्टेंबर २०२३

ती. आयनो यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. रडणं डोळ्यासाठी होतं. चिडले ती खाटेवरून.

तुला सांगायचं राहिलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, डुलुथला, लेकीकडे. म्हणजे यंदा मी कॅम्पवर नाही. उरला माझा लेक डेल. रानात एकट्याने जायचं नाही हा बाबांचा नियम, आणि डेल तो मोडणार नाही, तुझ्यासारखाच हट्टी आहे. तू आला नाहीस तर बाबांनी कॅम्प बांधल्यापासून पहिल्यांदाच हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथली चूल पेटणार नाही. हे मला सहन होणार नाही, स्पष्टच सांगते.

आणि आयनो, खरं दुखणं डोळ्याचं की शर्टाचं? ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक, म्हणजे शेपूट, कापून कॅम्पच्या भिंतीला ठोकायचं, ही रीत बाबांनीच घातली. भिंतीवर माझी तीन शेपटं आहेत, डेलची पाच, खुद्द बाबांचं एक. तुझं एकही नाही. इतकी वर्षं तू ती भिंत हॉटेल तपासायला आलेल्या साहेबासारखी बघत आलास. आता डाव्या खांद्यावरून मारायचं तर एखादं शेपूट जाणार, याचीच धास्ती ना?

खिट्टीला उपाय आहे. लिव्हरची रायफल घ्यायची. खालची कडी पुढे ढकलली, मागे ओढली, काडतूस भरलं. डावा हात काय, उजवा काय, तिला दोन्ही सारखेच. बटाट्यांनी यंदा बरे दिवस दाखवलेत, तेव्हा ती मी घेणार आहे. मात्र आपल्या देशात बनलेली तसली जुनी थर्टी-थर्टी रायफल आता बाराशे डॉलरच्या खाली कुणी देत नाही. परदेशी स्वस्तात मिळतात, तुर्कस्तानची, ब्राझीलची. त्यांतली कुठली चांगली ते तू सांग. माल पारखण्यात तुझा जन्म गेलाय.

कळावे. राग आला तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
लेम्पी

---

फ्लिंट,
२१ सप्टेंबर २०२३

चि. लेम्पीस,
अनेक आशीर्वाद. (एक कमी केलाय, हॉटेलच्या साहेबाबद्दल.)

तू कुणाला काय विचारतेस? बाहेरून स्वस्त माल आला म्हणून आमचा कारखाना बंद पडला. माझ्या खात्यातली निम्मी माणसं मला अजून रस्त्यात भेटतात आणि मी चांगला सदरा घातला असेल तर मलाच ओशाळं वाटतं. अन् मी बाहेरची बंदूक खांद्याला लावू? स्वस्त तेवढं वाळवीने खाल्लेलं, आई काय उगीच म्हणायची?

तरी बघायला पैसे पडत नाहीत म्हणून मर्नाला घेऊन दुकानात गेलो. (भिंतीबद्दल लिहिलंस त्याला उत्तर देत नाही.)

इटलीची आधी हातात घेतली. काय रूप! अक्रोडाचं लाकूड, पोलादावर निळसर झाक. किंमत विचारली, चौदाशे. पाळण्यात बाळ ठेवतात तशी जपून परत ठेवली. मग तुर्कस्तानची, सहाशेची. वरून नवरीसारखी नटलेली, पण कडी ओढली तर आत वाळू भरल्यासारखी करकरते, आणि दस्ता पोलादाला जिथे भिडतो तिथे माझं नख जाईल एवढी फट. पैसे सगळे दिसण्यात घातलेत. मी दुकानदाराला तसं म्हणालो. तो म्हणाला, आजोबा, बहुतेक लोक दिसणंच विकत घेतात.

ब्राझीलची साडेसातशेची. लाकूड म्हणशील तर फळांच्या खोक्याचं, वर तपकिरी रंग फासलेला. स्क्रूच्या खाचेला धार राहिलीय. कडी अशी ताठ की सासूबाईंची आठवण व्हावी. मी तिला नावं ठेवायला सुरुवात केली, पुढे बोलायला काही सापडेना. नळी आतून आरशासारखी. कडी मिटली की आतला भाग जागेवर घट्ट बसतो, तसूभरही हलत नाही. चाप न अडखळता साफ सुटतो. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मधोमध. मी खिशातलं माप काढून दोन ठिकाणी लावलं, मर्ना लाजून दुसऱ्या रांगेत निघून गेली.

तेव्हा माझं मत असं: ब्राझीलवाल्यांनी पैसे दिसतील तिथे घातले नाहीत, लागतील तिथे घातलेत. हे लिहिताना हात दुखतोय. पण घेऊ नकोस. मत दिलं म्हणजे संमती दिली नाही.

लोभ आहे, तपासून घेतलेला.

तुझा,
आयनो

---

पेल्की,
४ ऑक्टोबर २०२३

ती. आयनो यास,
सा. न. वि. वि.

घेतली. ब्राझीलची. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पहिलं पान दुकानदाराला वाचून दाखवलं आणि दुसरं पिशवीतच ठेवलं.

आता गंमत ऐक. कडी खरंच ताठ, माझ्याच्याने तर दोन्ही हातांनी ओढेना. डेल म्हणाला, तेल घालून रिकामी चालवत राहिलं की आपोआप मऊ होते, शेकडो वेळा तरी चालवायला हवी. तो दिवसभर लाकडाच्या ट्रकवर, माझा खुबा हा असा. मग मी नियमच केला. घरात काडतूस ठेवायचं नाही, रायफल स्वयंपाकघराच्या बाकावर, आणि जो कॉफीला येईल त्याने नळी भिंतीकडे करून वीस वेळा कडी चालवायची, तेव्हाच निसू पाव मिळेल. वेलदोड्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, माणसं येतातच. आपले पास्टर येऊन गेले. टपाल आणणारी कॉलीन रोज हजेरी लावते. तुझा शाळेतला दोस्त हायकी ऑक्सिजनची नळी नाकात घेऊन आला, त्याने पाच वेळा चालवली आणि दम खात म्हणाला की आयनोला सांग, राहिलेल्या पंधरा मी उधार ठेवल्यात, तो आल्यावर फेडीन. कडी आता लोण्यासारखी चालते, आयनो. तुर्की की ब्राझिली ते सोड, तिच्यावरून सगळ्या पेल्कीचा हात फिरलाय.

दस्त्याचा तो भयंकर रंग मी खरवडून काढला आणि जवसाचं तेल पाजलं. खोक्याचंच लाकूड आहे, पण अंघोळ घातल्यावर बरं दिसतं.

फक्त एक विनंती. नेम चुकला तर चुकू दे, पण ब्राझीलच्या नावाने खडे फोडू नकोस. आपली मावशी आयुष्यभर नाचता येईना अंगण वाकडं करत राहिली, तिचा वारसा तू चालवू नकोस. येणार की नाही, एवढं कळव. मला ऑपरेशनला जाताना चूल पेटणार हे माहीत असलं म्हणजे भूल लवकर चढेल.

कळावे. पेल्कीभरचा लोभ घेऊन,

तुझी,
लेम्पी

---

फ्लिंट,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. लेम्पीस,
अ. उ. आ.

हायकीचं दोनदा वाचलं. तो माणूस स्वतःसाठी धड दोन जिने चढत नाही.

गेला आठवडाभर मी गॅरेजात झाडूचा दांडा डाव्या खांद्याला लावून फळीवरच्या रंगाच्या डब्यांवर नेम धरतोय. शेजारणीने मर्नाला विचारलं की वडिलांची तब्येत ठीक आहे ना. मर्नाने सांगितलं, आहे, त्यांना बहीण आहे. डावा खांदा अजून परक्याच्या घरी आल्यासारखा वागतो, पण बसायला शिकतोय.

येतो. डेलला सांग, सरोवरावरच्या मोठ्या पुलाच्या तुमच्या बाजूला बसथांब्यावर न्यायला ये. ऑपरेशन नीट होऊ दे. देवाकडे मी सहसा काही मागत नाही, यंदा खुबा मागितलाय.

लोभ वाढवून ठेव, लागणार आहे.

तुझा,
आयनो

---

कॅम्प,
१७ नोव्हेंबर २०२३

चि. लेम्पीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

खुबा नीट बसला आणि तू नर्सला पत्त्यांत हरवलंस, हे डेलने सांगितलं. चूल पेटली आहे. पहिली काडी मीच लावली. सौना तापवली, वाफ घेतली, मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या खाल्ल्या, आणि माझ्या खाटेवर कुणी घोरणारा नव्हता, मी सोडून.

पहिल्या दिवशी उजाडल्यावर ओढ्याकाठी बसलो होतो. डेल हाकेच्या अंतरावर. बर्फ भुरभुरत होतं. देवदारांतून हरणाचा नर आला, इतका जवळ की नाकातली वाफ दिसत होती. दस्ता डाव्या खांद्याला आपणहून गेला, झाडूची कृपा. चाप ओढला. नराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी पुष्कळदा एखाद्या नापास नगाकडे पाहिलं असेल तसं, आणि चालत निघून गेला. चालत, लेम्पी, पळालासुद्धा नाही.

डेल आला. आम्ही दोघांनी बर्फ बारकाईने पाहिलं. रक्त नाही, केस नाही. मागच्या बर्चच्या सालीत गोळी सापडली, चांगली हातभर बाजूला. तुझा मुलगा फार भला आहे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला की मामा, स्वस्तातली बंदूक आहे, ट्रकमध्ये हादरे बसून माशी सरकली असेल, हा चुकलेला नेम काही धरायचा नाही. आणि खरं सांगतो, माझ्या तोंडात सगळं तयार होतं. कारखाना, ब्राझील, बाहेरचा माल, फळांचं खोकं, सगळं. फक्त ओठ उघडायचे होते.

पण तीस वर्षं मी नोकरीत एकच शिकलो: माल नापास करण्याआधी आपलं माप तपासायचं. कॅम्पवर परतलो, मागच्या मातीच्या बांधाला कागदी ताटली टाचली, ओंडक्यावर रायफल टेकवली आणि सावकाश तीन गोळ्या झाडल्या. डेलने ताटली आणून दिली. तिन्ही भोकं कॉफीच्या बशीखाली झाकली जातील इतकी जवळ, अगदी मधोमध.

मग मी पाठमोरा उभा राहिलो, शर्ट विजारीतून बाहेर काढला आणि डेलला कात्री आणायला सांगितलं. तो नको नको म्हणत होता. मी म्हणालो, काप, तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? कापताना आम्ही दोघंही हसत होतो, डोळे पुसत होतो. बाबांच्या शेजारी जागा होती, तिथे ठोकलं. ती जागा इतकी वर्षं कुणी भरली नाही, माझ्यासाठी राखून ठेवली होती, हे मला परवाच कळलं.

तुमचे सगळ्यांचे उपकार कसे मानू ते मला सुचत नाही, म्हणून सरळ लिहितो. तू ही रायफल घेतली नसतीस तर मी फ्लिंटला खिडकीत बसून भिंतीवरची माझी जागा कोरी राखली असती. कडी ओढली की मला हायकी आठवतो. परतताना त्याच्याकडे जाणार आहे, त्याच्या उधारीच्या पंधरा फेडून घ्यायला. कापलेल्या शेपटाचा अर्धा तुकडा सोबत पाठवतोय, निळ्या चौकड्यांचा. उशाशी ठेव. हंगाम अजून आहे, आणि माझ्याकडे अजून शर्ट आहेत.

कळावे. तुझा लोभ मला आजवर पुरून उरला, पुढेही उरू दे.

तुझा,
आयनो

ता. क. अंगण वाकडं नव्हतं, लेम्पी. मलाच नाचता आलं नाही. पण नाचलो.