आमच्या राहत्या दुकानाची हकिकत

तीर्थरूप व्यंकटमामांच्या चरणी भाचा शंतनू याचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी, नीरजा आणि तुमचा मोठा तराजू असे तिघे खुशाल आहोत. तुमचे गुडघे आणि पुण्याचं पाणी यांचं एव्हाना जमलं असेल. (तिथं नळाला रोज पाणी येतं, हे गल्लीत सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.) फोन मुद्दामच करत नाही, कारण तुम्ही "बरंय, बरंय" म्हणून फोन प्रेरणाच्या हातात देऊन मोकळे होता. ती सांगत होती की घरपोच आलेली पोह्यांची पिशवी तुम्ही नुसती हातावर तोलून "कमी आहे" म्हणालात, आणि कमीच निघाली! लेकीकडे आहात, आराम करा. इकडे यायचं मुळीच मनात आणू नका. "कामाशिवाय मी कुणाच्या दारात बसत नाही," असं बजावून तुम्ही गाडीत बसलात, ते आम्ही विसरलेलो नाही.

तर हकिकत अशी. किल्ली देताना तुम्ही म्हणालात, "दुकान संपलं, आता संसार मांडा." आम्ही मांडला. शहाबादी फरशीवर चकचकीत टाइल्स बसवल्या, धान्याच्या कोठीचं न्हाणीघर केलं, गल्ल्याच्या पेटीत नीरजाच्या बांगड्या गेल्या, आणि दुकानाच्या दर्शनी फळ्या काढून सुताराकडून त्यांचा ऐसपैस दिवाण करून घेतला. हिंगाचा वास तेवढा काही केल्या जाईना. नीरजा म्हणते, निदान फोडणीतला हिंग तरी वाचतो.

एवढं सगळं मनासारखं झालं आणि सुदर्शन बातमी घेऊन आला. (हा आपल्या समोरचा, ज्याला गावातली प्रत्येक बातमी आधी कळते आणि अर्धीच कळते.) म्हणे रस्ता रुंद होणार, आणि आपला ओटा, वरची कमान, पुढची खोली, सगळं त्यात जाणार. चितेगावच्या कंपनीत धडधडत्या यंत्रांपुढे दिवसभर उभा राहणारा माणूस मी, पण त्या दिवशी घरात न जाता ओट्यावरच बसलो. शाळेतून आलो की तिथंच बसवून तुम्ही मला मूठभर शेंगदाणे द्यायचात. तो ओटा जाणार, मामा. असो.

तोडगाही सुदर्शननेच काढला: वास्तू वारसा ठरली, की रस्ता मुकाट्याने वळेल. मला पटलं. या गावाला बावन्न दरवाजे आहेत, त्रेपन्नावा आपला! ठोकला अर्ज. वारसा समितीच्या एक बाई पाहायला येणार असं कळलं, आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली, कारण वारसा म्हणून दाखवायचं ते घर आम्ही नुकतंच होत्याचं नव्हतं केलेलं. मग टाइल्स उकरल्या. दिवाण मोडून पुन्हा फळ्या केल्या आणि आम्ही जमिनीवर झोपू लागलो. रिकाम्या बरण्या बऱ्या दिसेनात, म्हणून स्वयंपाकघरातलं डाळ, साखर, पोहे सगळं त्यांत भरलं. नीरजाने फक्त एवढंच विचारलं, की लग्नाआधी आमच्या पत्रिका नक्की कुणी जुळवल्या होत्या.

बाई यायच्या त्या दिवशी सगळं अस्सल वाटावं म्हणून मी सकाळी तुमच्यासारखीच एकेक फळी उतरवली, ओट्यावर पाणी शिंपडलं, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि तराजूला उदबत्ती ओवाळली. घात झाला तो इथं. उदबत्तीचा वास गल्लीभर गेला, आणि मागं वळून पाहतो तर आशाबाई पिशवी घेऊन हजर.

"व्हय रं, दुकान कव्हा उघडलं? लई बरं झालं. पावशेर तूरडाळ दे."

हे दुकान नाही, घर आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं तोच नीरजाने मला आत ओढलं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, भवानीचं, रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं, हे तिला तुम्हीच शिकवलंत ना? झालं! आमचं आठवड्याचं वरण आशाबाईंच्या पिशवीत गेलं. आणि एकीला दिल्यावर दुसऱ्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? पाठोपाठ रफिकभाई आले. "शंतनूभाई, चायपत्ती देव. मामा आगए क्या?" जो येईल तो हेच विचारत होता. दगडाबाईंनी तर साखर घेतलीच नाही. "मामाच्या हातची नाय, तर नगं," म्हणाल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या. समितीच्या बाई आल्या तेव्हा मी पोहे तोलत होतो आणि नीरजा गूळ फोडत होती. बाईंनी कमान पाहिली, फळ्यांवरून हात फिरवला, रांगेत उभं राहून जिरे घेतले आणि गेल्या. त्या दिवशी आम्ही लोणचं-भाकरी जेवलो.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. तब्येतीला जपा. प्रेरणाला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
शंतनू

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. समितीच्या बाई म्हणाल्या, वास्तू उत्तम आहे, पण तराजूमागचा मूळ माणूस जागेवर नसेल तर वारसा अपुरा पडतो. रविवारी त्या पुन्हा येणार आहेत. तुम्ही शनिवारी येऊन गल्ल्यावर बसलात तर ओटा वाचेल. हे काम आहे मामा, पाहुणचार नव्हे. मुक्काम किती लागेल ते सांगता येत नाही, असली कामं लांबतात.

ता. क. (नीरजाचा) : मामा, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे आलं, म्हणून लिहिते. रुंद व्हायचा रस्ता आपल्या गल्लीतला नव्हताच, सुदर्शनभाऊजींनी नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलं होतं. आणि असल्या कमानी गावात पुष्कळ आहेत, असं सांगून बाईंनी अर्ज तिथल्या तिथं परत केला. रविवारी कुणीही येणार नाही. पण शंतनू अजून रोज कामावर जाण्याआधी फळ्या उघडतो, उदबत्ती लावतो आणि ती विझेपर्यंत ओट्यावर बसतो. दगडाबाई शेजारी असतातच. साखर त्यांनी अजून घेतलेली नाही. मी हे लिहिलं ते त्याला कळू देऊ नका. शनिवारी या, आणि रविवारी समिती आली नाही म्हणून त्याच्यासमोर मनसोक्त चिडा.