तांब्यावर अकरा जणांची बोटं

तीर्थरूप मामांना, थिनरने सोललेल्या हातांचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला असेल तर त्यांना पुन्हा बोलता येत असेल, म्हणजे तुमची प्रकृती वेगळी विचारायला नको. इथे सगळे खुशाल आहेत, फक्त एका कॉफीच्या मशीनने माझ्या नाकी नऊ आणलेत.

मशीन तेच, चौकातल्या कॅफेवाल्या बाईंचं. त्याच्या तांब्याच्या दोन पत्र्यांवर बावीस वर्षांपूर्वी तुम्ही चढवलेला पारदर्शक लॅकर आता पिवळा पडून जागोजागी सुटलाय. शनिवारी बाई मशीन न्यायला येणार. काम आवडलं तर त्यांची बाकीची चारही मशीनं आपल्याकडे, नाही आवडलं तर तुम्ही माझ्या हाती दिलेल्या वर्कशॉपला मी कुलूप लावायचं आणि नोकरी शोधायची. म्हटलं, थर काढायला असा कितीसा वेळ लागणार? थिनर फासला. ढिम्म. (मामा, तुम्ही लॅकर चढवला होता की कुणावर सूड उगवला होता?) मग रंग काढायचं जेल थापलं, वाळू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर सासूबाईंनी प्लास्टिक काढून, जेल फडक्याने पुसून लिंबू-मीठ चोळायला घेतलेलं! तांबं दिसलं की त्यांना राहवतच नाही. थर सुटला होता तिथे पत्रा लखलखीत, चिकटून होता तिथे कळकट. हसावं की रडावं तेच कळेना.

पुन्हा जेल, पुन्हा वाट पाहणं, मग चरे पडू नयेत म्हणून जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने हळूहळू खरवडणं. असं तीनदा केलं, तेव्हा मंगळवारी दोन्ही पत्रे मोकळे झाले. काय रंग आहे हो त्या तांब्याचा! मला इतका आनंद झाला की मी अख्ख्या गल्लीला बोलावलं. शेजारचा शिंपी, समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, माझा नवरा, जो तो ‘वा वा’ म्हणत पत्र्यावरून हात फिरवून गेला. सकाळी पाहिलं तर अकरा जणांची बोटं तपकिरी होऊन उमटलेली. उघड्या तांब्याला हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, हे तुम्ही मला हजारदा बजावलंत, आणि मीच आमंत्रणं देत सुटले.

पण निराश वगैरे मुळीच नाही. परत घासलं, आता पत्रे कपड्यात गुंडाळून कपाटात आहेत आणि किल्ली माझ्या कमरेला. होणार, नक्की होणार.

तुमची (आता अकलेने थोडी मोठी झालेली) भाची

ता. क. नवा लॅकर मीच मारणार आहे. तुम्ही अजिबात दगदग करू नका.

ता. क. आणखी एक. वरचा ता. क. खोटा आहे. सरावाला दोन जुने पत्रे घेतले, दोन्हींवर ओघळ आले. मामी सांगत होत्या, हात थरथरतो म्हणून तुम्ही वर्कशॉपकडे फिरकत नाही. अहो, तुमचा वयाने थरथरतो, माझा भीतीने. शुक्रवारी सकाळी गाडी पाठवते. फवारा मी धरते, तुम्ही फक्त मागे खुर्चीवर बसून माझ्यावर ओरडा. चार महिने झाले, तिथे कुणी ओरडलेलं नाही, आणि त्या शांततेत मला काम सुचत नाही.