चौशिंग्यांचा माळ

३ फेब्रुवारी

अकरा हजार खड्डे! माझ्या बीटात, वरच्या माळावर. साग लावणार म्हणे. साहेब म्हणतात, "पडीक जागा आहे मॅडम, हिरवी करू." पडीक? कमरेएवढं गवत उभं आहे तिथे, त्यात चौशिंगे राहतात. चार शिंगांचं, शेळीएवढं हरीण — सुरगाण्यात मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. पण जिथे झाड नाही ती जागा रिकामी, हे यांचं शास्त्र! वनरक्षकाला विचारतंय कोण.

४ फेब्रुवारी

सकाळीच पाड्यावरच्या कुसाबाईला घेऊन वर गेले. गवत कापण्यात तिचा जन्म गेला. चौशिंगा लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो, हे मला ट्रेनिंगमध्ये नाही, तिनं शिकवलं. आज तीन जागी ताज्या!

मग मादी दिसली. कान टवकारून उभी, हलेना.

"पिलू हाय तिचं," कुसाबाई कुजबुजली. "गवतात दडवून चरायला जाती. गवात गेलं तं कुठं दडवील?"

फोटो काढले. घाईत निम्मे हललेत.

५ फेब्रुवारी

पत्र दिलं, फोटो जोडले. साहेबांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "लेंड्यांवरून सरकारी काम थांबवू?" सगळे हसले. मीसुद्धा हसले! त्याचीच जास्त चीड येते.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही.

१२ फेब्रुवारी

खड्ड्यांआधी 'सफाई' म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी माळ पेटवला. आणि माझी ड्यूटी कुठे? खाली नाक्यावर, लाकडाच्या गाड्या तपासायला! धूर बघून धावत वर गेले, तोवर सगळं काळं. मादी कडेकडेनं फिरत होती. एकटीच.

कुसाबाई म्हणाली, "आमी वणवा लावला तं तुमी केस करता. आता कोणावर करशील, बाय?"

मान खाली घालून उतरले.

१७ फेब्रुवारी

रजा टाकून नाशिकला गेले. मोठ्या साहेबांशी भांडले — हाच माळ निवडला कोणी? त्यांनी शांतपणे फाईल पुढे सरकवली. तीन वर्षांची प्राण्यांची नोंद. चौशिंगा: निरंक, निरंक, निरंक. "वन्यप्राणी नाहीत, म्हणून तर निवडला."

तिन्ही कागदांवर सही माझी. फासे लावणाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून मीच मुद्दाम तसं लिहीत आले होते.

कुसाबाईला कोणत्या तोंडानं सांगू?