पाणबुड्याचं घड्याळ आणि मुरगूडची विहीर

तीर्थस्वरूप केरबामामा, मुक्काम गगनबावडा, यांस

बाळासोचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता बरा असावा. इकडं कोल्हापुरात पूर्णिमा आणि पोरं ठणठणीत आहेत, मी थोडा कमी. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडं ढग खाली उतरले की रेंज निघून जाते, म्हणून हे पत्र.

मामा, मी घड्याळ घेतलं. मौलालीचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात काचेखाली पडून होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं, परदेशी, खास पाणबुड्यांसाठी बनवलेलं. तबकडीभोवती फिरणारी कडी आणि आत ‘दीडशे मीटर’ असं लिहिलेलं. (बादलीपेक्षा खोल पाण्याशी माझा संबंध नाही, हे तुम्ही जाणताच. पण मनगट काय भारदस्त दिसतं!) चाचांनी एकच अट घातली, “पाणबुड्याचं हाय, पण म्हातारं हाय. पाण्यात घालू नका.”

तिसऱ्या दिवशी ते बंद पडलं. चाचांनी उघडून बघितलं, कानाला लावलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, “घड्याळ बेस हाय, बाळासो. तुमचा हातच हालत न्हाय.” हे ऑटोमॅटिक, त्याला सेल नाही, मनगट हललं की आतलं चक्र फिरतं आणि स्प्रिंग भरते. आता मी पतसंस्थेतला कारकून, माझं दिवसभरात काय हलणार? तेव्हा रोज सकाळी रंकाळ्याच्या काठावर उभा राहून मी पोहल्यासारखे हात मारू लागलो. फिरायला येणाऱ्यांनी हात बघितले, घड्याळ बघितलं, आणि आठवड्याभरात मी पट्टीचा पोहणारा झालो. (‘नाही’ म्हणणार होतो. पण लोक इतकं प्रेमानं बोलत होते की राहून गेलं.)

ही कीर्ती मुरगूडला सासऱ्यांच्या, म्हणजे गणपतरावांच्या कानावर गेली. त्यांची पाण्यातली मोटार दोर तुटून विहिरीत पडली होती आणि ऊस वाळायला लागला होता. मला तातडीनं बोलावणं आलं. मी आपला जेवायला म्हणून गेलो, तर विहिरीवर निम्मं गाव! आक्कांनी म्हणजे सासूबाईंनी मला ओवाळलं, नारळ फुटला. सासरच्या माणसांपुढं जावयानं काय सांगायचं? मी घड्याळाची कडी फिरवत बसलो. वीस मिनिटं फिरवली. “पाण्याचा अंदाज घेतोय,” असं गणपतराव लोकांना अभिमानानं सांगत होते. शेवटी कंबरेला दोर बांधून घेतला आणि वाकून “किती पुरुष पाणी हाय?” एवढं विचारेपर्यंत पाय घसरला.

मामा, पुढचं खरं सांगतो. मी बुडी मारली नाही, मी बुडालो. डोळे मिटलेले, तोंडात विहीर. हाताला काहीतरी लागलं, ते मिठी मारून धरलं आणि मनात म्हटलं, आता हे सोडायचं नाही. वरून दहा जणांनी दोर ओढला तेव्हा मी वर आलो आणि माझ्या मिठीत मोटारीचा तुटका दोर होता. त्यामागनं मोटार आली. गावानं जल्लोष केला. चार माणसांनी बोटं उलगडली तेव्हा कुठं तो दोर सुटला. “जावई नव्हं, मगर हाय की!” म्हणून गणपतराव रडले. पहिल्यांदाच त्यांनी माझं कौतुक केलं, त्यामुळं मीही रडलो. (घड्याळात पाण्याचा थेंब गेला नाही. माझ्या कानात अजून आहे.)

आता पंचाईत अशी की महापुरासाठी पोहणाऱ्यांचं बचाव पथक तयार होतंय आणि त्यात कुणीतरी परस्पर माझं नाव घातलंय. तरी काळजी नसावी. लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
बाळासो

ता.क. जून ते सप्टेंबर तुमच्याकडं राहायला आलो तर चालेल का? तुमच्याकडं पाऊस मोप, पण उतारावर पाणी थांबत नाही, हे मला फार आवडतं. पडेल ते काम करीन.

ता.क. दुसरा. मामा, मी पूर्णिमा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. यांचं नाव कुणी घातलेलं न्हाय. घड्याळ दिसंल असा फोटो काढून अर्ज यांनीच भरलाय. घरात घेऊ नका. उद्यापासनं मी यांना पोहायला शिकवणार हाय.