दिवाळीच्या सिनेमातला आवाज

तंजावूर,
गुरुवार, ता. ९ नोव्हेंबर २०१७

प्रिय आक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. दाजींना सांग, आईला पण सांग. खाली नाव घालायचं की नाही ते शेवटी बघतो. अक्षर बघून तू ओळखशीलच. सातवीत गुरुजी म्हणायचे, मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडलाय. अजून तो मुंगळा तसाच चालतोय.

मी इकडं खुशाल आहे. फोन लागत नाही म्हणून घाबरू नका. फोन पाण्यात पडला. इकडं आता पाऊस चालू आहे, भाताची खाचरं भरलीत, जिकडं बघावं तिकडं पाणीच. नवा घेतला की नंबर कळवतो. तोवर जुन्या नंबरावर फोन करू नका. दुसऱ्या कुणाच्या फोनवरूनसुद्धा नको.

आज गुरुवार, म्हणजे आमच्या डिस्कच्या दुकानात नवीन सिनेमे यायचा दिवस. सकाळी पार्सल लॉरीतून खोका आला. एक भुताचा, तेलुगूतून तमिळ केलेला. एक लहान पोरांचा, त्यात हत्ती बोलतो. एक जुना कुस्तीचा, नवीन कव्हर घालून पाठवलाय. दारात काळा फळा आहे, त्यावर रंगीत खडूनं 'या आठवड्यात घरी बघायला' असं तमिळमध्ये लिहून खाली नावं घालायची, हे माझं काम. आक्का, मी तमिळ अक्षरं सिनेमांच्या नावांवरून शिकलो. अजून मला भाजीवाल्याची पाटी धड वाचता येत नाही, पण मारामारी, प्रेम, शपथ, सूड हे शब्द एकदम बरोबर लिहितो. खेड्यातनं बसवाले पेनड्राइव्ह भरून घ्यायला येतात. इकडं खाजगी बसमध्ये टीव्ही असतो, तिरुवैयारुला जाईपर्यंत अर्धा सिनेमा होतो.

गलाईच्या दुकानात सोनं-चांदी गाळायला होतो तेव्हापेक्षा बरं आहे. तिकडं ॲसिडच्या वाफेनं डोळे चुरचुरायचे. पुन्हा पुन्हा काम बदलतोस म्हणून दाजी रागावले होते. त्यांचं बरोबर होतं.

आईला डोळ्यात औषध वेळेवर घाल म्हणावं. चुलीपुढं बसू नको म्हणावं.

आक्का, आईला वाचून दाखवताना इथं थांब. पत्र संपलं म्हण. पुढचं गोठ्याकडं जाऊन एकटी वाच.

माझ्या खोलीच्या खाली साईरामण्णा राहतात. मागं सांगितलं होतं ना, तंजावूरचे मराठी लोक? तीनशे वर्षं झाली म्हणे इकडं येऊन. मराठी बोलतात, पण आपल्यासारखं नाही, जुनं जुनं बोलतात आणि सूर तमिळचा. मराठी लिहिलेलं वाचता येत नाही. गलाई सोडली तेव्हा मी बसस्टँडावर निजायचो. तिथं आपल्याच एका ड्रायव्हरशी मराठी बोलताना साईरामण्णांनी ऐकलं आणि सरळ घरी घेऊन आले. त्यांची आई वेंकूबाई. मी दारात उभा, आणि ती मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आमचे लोक घोड्यावर बसून आले. तूं कशावर आलास?"

मी म्हटलं, "लॉरीवर."

"बरें. घोड्यास चारा घालावा लागतो," म्हणाली, आणि पान वाढलं.

साईरामण्णा टॉकीजमध्ये ऑपरेटर. म्हणजे होते. बावीस वर्षं त्यांनी तिथं सिनेमा लावला. मला सिनेमाचा नाद, म्हणून सगळ्यात मागच्या रांगेत, त्यांच्या मशीनच्या खोलीच्या खाली, कोपऱ्यातली खुर्ची मला द्यायचे. तिकीट नाही. दारावरच्या माणसाला सांगायचे, आमच्या भाषेचें पोर आहे, सोड.

आता ते टॉकीजमध्ये नाहीत. रोज सकाळी दहाला त्यांना पोलीस ठाण्यात बोलावतात आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. आज सोळावा दिवस.

झालं असं. दिवाळीला मोठा सिनेमा लागला. सहाव्या दिवशी त्याची चोरटी डिस्क बाजारात आली. कुणीतरी टॉकीजमध्ये बसून पडद्याची शूटिंग केली होती. पडद्यावर एक खूण असते म्हणे, आपल्याला दिसत नाही, पण कंपनीच्या लोकांना त्यावरून कळतं कुठल्या टॉकीजमध्ये, कुठल्या दिवशी, कुठल्या खेळाला शूटिंग झालं. निघालं, साईरामण्णांची टॉकीज, शनिवारचा सकाळचा खेळ. पण एवढ्यावरून त्यांना कुणी धरलं नसतं. त्या डिस्कमध्ये एक आवाज आहे. शेवटाकडं हिरो बापाला भेटायला जातो, दार उघडतो, संगीत बंद होतं, सगळं थिएटर गप्प. तिथं जवळूनच कुणीतरी दबक्या आवाजात मराठी बोलतं.

ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, ही भाषा कुठली? मॅनेजर म्हणाला, मराठी. आमच्याकडं मराठी एकच माणूस आहे.

पंधरा दिवस झाले, मला भाकरी, नव्हे इकडचा भात, गिळवत नाही. इकडं रिक्षावाले पण खाकी शर्ट घालतात. दुकानापुढं रिक्षा थांबली की माझ्या हातातनं डिस्क सुटते. परवा तिरुवैयारुच्या बसमध्ये बसलो होतो, टीव्हीवर तोच सिनेमा लावला होता. मला उतरायचं होतं, पण गर्दीत दारापर्यंत पोचता आलं नाही. ती जागा आली. हिरोनं दार उघडलं. आणि सगळ्या बसमध्ये तो आवाज. लोक हसले. कॉलेजची पोरं तर आधीपासून वाट बघत होती, हिरोच्या आधी त्यांनीच ते वाक्य म्हटलं, वेडंवाकडं. गावभर ती चेष्टा झालीय. कुणी कुणाला चहा दिला तरी तेच म्हणतात. मी खिडकीबाहेर तोंड केलं. पलीकडचा म्हातारा मला म्हणाला, काय रे, घाम आलाय, पाऊस पडतोय की.

ते वाक्य काय आहे सांगू?

"दिसतंय का आई तुला? नीट दिसतंय?"

आता तुला कळलं असेल. तो शनिवार आठव. मिरजेला आईची पट्टी काढायची होती. मीच तुला सांगितलं होतं, पट्टी काढली की त्या मिनिटाला फोन लाव. कॅमेरा आमच्या मालकानं दिला होता, सुब्रमण्यम त्यांचं नाव. पिशवीला भोक पाडून आत बसवला होता, पिशवी मांडीवर. म्हणाले, फोन बंद ठेव. मी बंद केला नाही, आक्का. नुसता आवाज बंद केला. खिशात थरथरला. मला वाटलं नाही उचलला तर आई म्हणेल पोरानं उचलला नाही. खाली वाकून बोललो, तोंड पिशवीच्या अगदी जवळ. आई रडत होती, म्हणत होती भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय, त्यातला लाल आकडा दिसतोय. मला पण रडायला आलं. पडद्यावर काय चाललंय ते मी बघितलंच नाही.

आणि नंतर डिस्क काढताना मालकानं आवाज तपासला नाही, मी पण नाही. सोमवारी सकाळी माल बाजारात पाहिजे, एवढंच.

ही पहिली वेळ नव्हती, चौथी होती. साईरामण्णांना काही माहीत नाही. त्यांना वाटायचं पोराला सिनेमा आवडतो. आवडतोच की. पण मी त्यांच्या खुर्चीत बसून हे केलं.

फोन पाण्यात पडला नाही. मालकानं माझ्या हातातून घेऊन कालव्यात टाकला. त्या वेळेला कुणाचा फोन आला होता ते त्यातनं निघतं म्हणून. म्हणाले, तोंड उघडू नकोस, साईरामला काय होतंय, चार दिवस बसवतील आणि सोडतील, त्याचं घराणं मोठं. तोंड उघडलंस तर मी सांगणार, हा परगावचा पोरगा, कॅमेरा याचा, मला काहीच ठाऊक नाही. माझ्या बाजूनं बोलायला इथं कोण आहे?

मला वाटलं खरंच सोडतील. रोज संध्याकाळी साईरामण्णा यायचे, पाय धुवायचे, आणि वर बघून हाक मारायचे, "जेवलास कीं नाहीं रे?" मी वरूनच हो म्हणायचो. खाली जायचं बंद केलं. त्यांची मुलगी नित्या पाचवीत आहे, तिला मराठी कळतं पण बोलते तमिळच. तीसुद्धा अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना ते वाक्य म्हणत होती. आणि आक्का, बसमधल्या पोरांसारखं वाकडं नाही. हुबेहूब. माझा सूर, मी जसं 'नीट' म्हणतो तसं. वेंकूबाई वातीला कापूस वळत बसली होती. ती वळायची थांबली. मी जिन्यावर होतो, तिथंच बसलो.

हे काल झालं.

आज दुपारी मी दुकानातनं लवकर आलो, डोकं दुखतंय म्हणून. वेंकूबाई जिना चढून वर आली. ती कधी वर येत नाही, गुडघे धरलेत तिचे. हातात ताट, भात, रसम, वर पापड. ताट ठेवलं आणि खाटेवर बसली.

"उद्यां सायबांनीं केस लिहायाची म्हटलीय. लिहिली कीं सायराम आंत जातो. मी आज त्यांस सांगून आलें, हा आवाज माझ्या लेकाचा नव्हे. ते हसले. म्हणाले, पाटी, तुम्हांस तसेंच वाटणार."

पाटी म्हणजे आजी.

"मग म्हटलें, आमच्या घरीं एक पोर आहे, महाराष्ट्रांतला. त्यास ऐकवा. तो सांगेल हा आमचा कीं तिकडचा. सायब बरें म्हणाले. उद्यां दहास सायरामासंगें चल. ऐक आणि काय तें सांग."

आक्का, विचार कर. मला तिथं बसवून, सगळ्यांच्या पुढं माझाच आवाज लावणार, आणि मला विचारणार हा कुणाचा.

मी म्हटलं, "आजी, मला तिथलं काय कळतंय, मी शाळा शिकलेला नाही."

"ऐकायास शाळा लागते कीं?"

मी ताटाकडं बघत बसलो. ती उठली. भिंत धरून दारापर्यंत गेली. दिवाळीच्या आधी आईचं ऑपरेशन आहे म्हणून मी तिला सांगितलं होतं, तेव्हा तिनं मोठ्या देवळात जाऊन आईच्या नावानं दिवा लावला होता. आईचं नाव विचारून घेतलं होतं, गोत्र विचारलं, मला गोत्र माहीत नव्हतं, तर म्हणाली असूं दे, देवास ठाऊक.

दारात थांबून, माझ्याकडं पाठ करूनच तिनं विचारलं,

"तुझ्या आईस आतां नीट दिसतें कीं?"

मी 'हो' म्हणालो.

"मग बरें," म्हणाली, आणि एकेक पायरी उतरत गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो.

त्याच्या आधीच माझी पिशवी भरलेली होती, हे पण तुला सांगतो. मालकाचा मेहुणा ईरोडला आहे, तिथं पण असलंच दुकान आहे. आज पाचच्या त्रिचीच्या बसनं जा, मालक म्हणाले, तिथनं पुढं ईरोड, साहेब तुला शोधायला लागतील तेव्हा तू तिकडं. तू म्हणशील याचं नेहमीचंच. गलाईतनं पळाला, त्याच्या आधी विट्याच्या गॅरेजमधनं पळाला. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, काम जमत नाही. खरं सांगू का, जिथं कुणीतरी मला ओळखायला लागतं तिथनं मी पळतो.

भात गार झाला होता. सगळा खाल्ला. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो. मग तुला लिहायला बसलो.

मला लय भीती वाटतीय. इथली भाषा मला धड येत नाही, साहेब काय विचारतील, मी काय बोलीन आणि ते काय लिहितील, मला वाचता पण येणार नाही. मालक काय करतील ते वेगळंच. किती दिवस आत ठेवतात ते कुणाला विचारायची पण सोय नाही. आणि सगळ्यात भीती साईरामण्णांची. उद्या आम्ही दोघं सायकलवर जाणार, ते पुढं, मी मागं बसलेला. त्यांना रस्त्यात सांगू की तिथं पोचल्यावर? रस्त्यात सांगतो. त्यांचं तोंड मला दिसणार नाही तेव्हाच.

आत्ता मधेच थांबलो होतो. पाचची बस गेली. इथून हॉर्न ऐकू येतो, दोनदा वाजवतो तो ड्रायव्हर. पिशवी खाटेखाली सरकवली.

साडेपाचला टपालाची पेटी उघडतात, त्याच्या आत हे टाकतो. तुझ्या हातात पडेल तेव्हा शुक्रवार होऊन गेलेला असेल, मग तू काळजी करून उपयोग नाही. दाजींना सांग, पण लगेच इकडं निघू नका म्हणावं.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या फोनमुळं झालं असं तिला कधीही वाटता कामा नये. तिच्या फोनमुळं झालंच नाही. तिनं कॅलेंडर दिसतंय म्हणून सांगितलं, ती चार मिनिटं माझी स्वतःची, त्यात चोरी नव्हती. तिला फक्त रोज सकाळी तुझ्या तोंडानं विचारत जा, नीट दिसतंय का. मी विचारतोय म्हणून सांग.

आता नाव घालतो. उद्या साहेबांना जसं सांगायचं तसंच पहिल्यांदा तुझ्यापुढं लिहून बघतो, म्हणजे तिथं जीभ अडखळणार नाही.

तो आवाज माझा आहे.

हणमंत बाबू शिरतोडे
वय बावीस, तालुका खानापूर, जिल्हा सांगली
हल्ली मुक्काम साईरामण्णांच्या घरी, तंजावूर