पाठीतली नळी

॥ श्रीराम समर्थ ॥
जुना जालना, ता. ७ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. पुष्पाबाई जाऊबाईंना धाकट्या उषाचा शि. सा. न. वि. वि.

कंडक्टरच्या हाती धाडलेली गोधडी, ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि सहाशे रुपये पोचले. गोधडीची हमाली म्हणून तो पाच रुपये मागत होता, मी दोन दिले. चहा पाजला असता तर त्याहून स्वस्तात भागलं असतं, हे मागून सुचलं.

ह्यांच्या पोटाचं निदान झालं. पित्ताचा खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज आली आहे. तोंडानं पाणीसुद्धा बंद, सगळं सलाईनवर. तीन रोज गुडघे पोटाशी घेऊन असे ओरडत होते की शेजारच्या खाटेवरची बाई कानात कापूस घालून बसली. इंजेक्शनं उतरायच्या आधीच कळ परत येई.

काल औरंगाबादहून भूल देणारे डॉक्टर आले. पाठीत मणक्याजवळ बारीक नळी घालून तिच्यातून औषध सोडू म्हणाले. पाठीत सुई म्हणाले, तरी मी सही केली. तासाभरात कळ थांबली, जाऊबाई. हे झोपले. उठल्यावर नर्सला म्हणाले की, आमच्या विहिरीलासुद्धा असा नळ न्हाई. आतली सूज अजून आहे, ह्या औषधानं सुजल्या जागी रक्त नीट पोचलं तर तिलाही उपयोग होईल, असं डॉक्टर म्हणतात. रामाची कृपा.

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. मुलांना अभ्यासाला बसवत जा. तुमची माया आहेच, ती राहू द्या.

आपली,
उषा

॥ श्री ॥
आष्टी, ता. ९ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. उषा हिला पुष्पाबाईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. कळ थांबली, एवढं ऐकून त्यांनी बाजेवरूनच हात जोडले. दिवाळीत खुबा मोडल्यापासून त्यांना कूस बदलायलाही दोघी लागतात, पण काल उशाला टेकून बसल्या. मी जांबेला, समर्थांच्या गावी जाऊन श्रीरामापुढं नारळ फोडून आले. पायातला काटा काढताना गल्ली गोळा करणारे बद्रीभाऊजी पाठीत सुई घेऊन गप पडले, ह्याचं मला भारी हसू येऊन राह्यलं. त्यांना सांग, वहिनी चिडवून राह्यली म्हणून.

आता दुखायचं थांबलं, मंग दवाखान्याचा खर्चा कशाला वाढवायचा? आमचे हे उद्या जीप घेऊन हे पत्र आणतील, त्यांच्यासंगं भाऊजींना घेऊन ये. सासूबाईंनी आपल्या बाजेशेजारी त्यांची बाज टाकायला लावली आहे. जल्दी या.

तुझी,
पुष्पाबाई

॥ श्रीराम समर्थ ॥
जुना जालना, ता. १० फेब्रुवारी १९९४

ती. सौ. पुष्पाबाई जाऊबाईंना उषाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि जीप दोन्ही पोचलं. हे पत्र जीप घेऊन आलेल्या तुमच्या ह्यांच्या, काकासाहेब भाऊजींच्याच हाती देते आहे, कारण तोंडानं त्यांच्यानं सांगवणार न्हाई. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते धोतराच्या सोग्यात रडले.

हे बरे झालेले न्हाईत. फक्त कळ गेली होती. कालपासून लघवी बंद आहे, पोट नगाऱ्यासारखं झालंय, धाप लागते. डॉक्टरांनी मला खुर्ची देऊन सगळं समजावलं. आता एखाद-दोन रोज, म्हणाले.

भाऊजींचं म्हणणं, शेवट आईजवळ व्हावा. घरच्या बाजेवर, आपल्या माणसांत प्राण सोडणं आपल्यात कुणाचं चुकलेलं न्हाई. पण पाठीतली नळी जीपमध्ये चालत न्हाई. तिच्यातल्या औषधानं रक्तदाब उतरतो, जवळ जाणता माणूस लागतो. न्यायचं तर नळी काढावी लागेल आणि आष्टी यायच्या आत कळ परत येईल. मी ह्यांनाही हे सांगितलं. हे म्हणाले, सोसतो थोडं, आईला बघायचंय. थोडं म्हणाले, जाऊबाई. ते तीन रोज त्यांना आता आठवत न्हाईत. मला आठवतात.

भाऊजींसमोर मी आजवर पदर सावरूनच बोलले. आज पहिल्यांदा न्हाई म्हणाले. जीप रिकामी धाडते आहे.

सासूबाईंना हे तुम्हीच सांगा, जवळ बसून, हात धरून. पत्र वाचून दाखवू नका. मंग त्यांना विचारा, बद्रीला काय सांगायचं आहे. त्या बोलतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, सुधारू नका. हे अजून ऐकतात. मी कानाशी वाचीन. माझ्यावर रागावून काही बोलल्या तर तेही गाळू नका, फक्त वेगळ्या कागदावर लिहा.

मुलांना आजची रात्र झोपू द्या. उत्तर पोचवून भाऊजी माघारी येतील, सकाळी त्यांच्यासंगं धाडा.

माया करत आलात, आज जरा जास्त करा. टपालात टाकू नका, जीप दारात थांबवूनच लिहा आणि भाऊजींच्या हाती लगेच उलट उत्तर धाडा.

आपली,
उषा