बिनकपाचे सर

प्रिय लेकी,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस नि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून हे पत्र. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं वाचायला शिकले ते तुझ्या बाबांच्या दुकानात, बक्षिसांच्या कपांवरून. 'प्रथम क्रमांक' मला माझ्या सहीच्या आधी लिहिता आलं. ते कपांवर नावं घालायचे नि मी गिऱ्हाइकांना नावं ठेवायची, असा आमचा संसार.

तर आपल्या भिंगरीचे ज्युदोचे सर. तू म्हणालीस, ज्याने एकही स्पर्धा जिंकली नाही त्याच्याकडे माझी मुलगी नको. महिनाभर नजर ठेव नि नाव काढून घे. अगं, संशय घ्यायला मला सांगावं लागतं का? दुसऱ्याच दिवशी विणकाम घेऊन हॉलच्या बाकावर जाऊन बसले. भिंती कोऱ्या. कप नाही, फोटो नाही, नुसतं घड्याळ, तेही पाच मिनिटं पुढे. सर बुटके, पोट सुटलेलं, चष्म्याला दोरी. म्हटलं, हा कोणाला उचलून आपटणार! आणि शिकवत काय होते? पडायला! हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आपटायचा नि लोळायचं. महिनाभर तेच. माझी खात्रीच झाली, ज्याला पाडता येत नाही तो पडायलाच शिकवणार.

मग चौकापलीकडच्या क्लासात डोकावले. तिथे कपाटभर कप. तिथले सर मिशीला पीळ देत सांगत होते, आमची विद्या एवढी जीवघेणी की स्पर्धेत तिला बंदी आहे. मग मेल्या, हे कप कसले? जवळ जाऊन बघते तर चार कपांवर 'प्रथम'चा 'थ' शेपटीवाला. तुझ्या बाबांचा हात मी ओळखणार नाही? कप कोणी जिंकला नि कोणी नुसता करून नेला, हे विचारायची आपल्या दुकानात पद्धत नव्हती.

म्हणून आपल्या सरांना सापळा लावला. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही तो कप माळ्यावर होता ना? तो पिशवीत घालून नेला नि अगदी साखरेच्या आवाजात म्हटलं, सर, भिंत ओकीबोकी दिसते, नाव घालून देते, साल तुम्ही सांगाल ते. हो म्हणाले असते तर भिंगरीला हाताला धरून घरी आणलं असतं. ते हसले. म्हणाले, आजी, मी एकदाच उतरलो नि पहिल्याच फेरीत आपटलो. घालायचंच तर तेवढं घाला. घातलं. 'पहिल्या फेरीत बाद'. खिडकीत ठेवलाय, पोरं वाचून खिदळतात.

पण मी एवढ्याने विरघळणारी नाही. खरं बोलणाऱ्याला शिकवता येतंच असं थोडंच आहे? तुझा मामा जन्मात खोटं बोलला नाही, पण त्याच्याकडे सायकल शिकून मी गटारात गेले. तुझे बाबा म्हणायचे, कारागीर पारखायचा तर काचेतला माल बघू नये, त्याच्या सगळ्यात कच्च्या शागिर्दाचं काम बघावं. भिंगरी काय, माकड आहे, कुठेही शिकेल. वर्गातला सगळ्यात ढ मी हेरून ठेवला: मागची रांग, गुडघे कुरकुरतात, डावं-उजवं कळत नाही. त्याला सर एकच गोष्ट दहादा सांगतात, पण आवाज चढत नाही.

आता रागावू नकोस. मंगळवारी जिन्यावर माझा पाय घसरला. चार पायऱ्या. तुझी मावशी तीनच पायऱ्यांवरून पडली नि खुबा मोडून कायमची अंथरुणाला खिळली. मला मात्र काही कळायच्या आत हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आपटला. पिशवीतली अंडी फुटली, मी नाही. अगं, तो ढ म्हणजे मीच. विणकाम तीन आठवडे बाकावर तसंच पडलंय. सोबत क्लासच्या परवानगीचा कागद आहे. पोरांसारखीच साठीच्या पुढच्यांनाही घरच्यांची सही लागते म्हणे. उद्या आणते, परवा आणते करत मी सरांना टोलवलं, पण आता ते ऐकत नाहीत. सही नाही तर बाकावर बसा म्हणतात. वरचं नाव भिंगरीचं, खालचं माझं. दोन्हीपुढे सही कर.

तुझीच, न फुटलेली,
आई